हवा काढल्यावर कोण उरतं?

बाळांनो, बादली काठोकाठ भरू नका, थोडी रिकामी ठेवा. आणि आजीकडून ती चवळीची झिपची पिशवी मागून आणा. आता झिप जवळजवळ सगळी लावायची, एका कोपऱ्यात बोट जाईल एवढी फट ठेवायची. तो कोपरा हातात धरा आणि पिशवी पाण्यात हळूहळू सोडा. फट मात्र पाण्याच्या वरच राहिली पाहिजे, नाहीतर चवळी भिजेल. बघा, प्लास्टिक कसं दाण्यांना चिकटत चाललंय! बाहेरून एकेक चवळी बोटाला लागते. आता फट दाबून बंद करा आणि पिशवी वर काढा.

पंप नाही, यंत्र नाही. मग आतली हवा काढली कुणी? पाण्यानं. पाण्यात जसजसं खाली जावं तसतसा दाब वाढतो. वीतभर, म्हणजे 20 सेंटिमीटर खोल गेलं की पिशवीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर 20 ग्रॅमचा जास्तीचा भार येतो. तळाशी जास्त, वर कमी. म्हणून हवा खालून वर सरकत जाते आणि मोकळ्या फटीतून निघून जाते. काही लोक फटीत स्ट्रॉ घालून तोंडानं हवा ओढतात. मला ते पटत नाही. आपल्या तोंडातली ओल आणि जंतू अन्नाच्या पिशवीत कशाला पाठवायचे?

आता बाजारात मिळतं ते व्हॅक्यूमचं यंत्र घ्या. ते घुर्रर्र आवाज करतं आणि पिशवी दगडासारखी घट्ट होते. तुम्हाला वाटतं, यंत्रानं पिशवी आवळली. तसं नाही. यंत्र फक्त आतली हवा बाहेर काढतं. आवळण्याचं काम या खोलीतली हवा करते. आपल्या डोक्यावर हवेचा समुद्र आहे आणि आपण त्याच्या तळाशी राहतो. तो प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण 1 किलोनं दाबतो. 20 बाय 25 सेंटिमीटरची पिशवी घ्या. तिची एक बाजू 500 चौरस सेंटिमीटर. म्हणजे एका बाजूवर अर्धा टन! एरवी हा भार कळत नाही, कारण आतली हवा तेवढ्याच जोरानं बाहेर रेटत असते. घरगुती यंत्र सगळी हवा काढू शकत नाही, तरीही भार काही शे किलोंचा होतो. म्हणून त्यात चकली किंवा पोह्यांचा चिवडा घालू नये, भुगा होतो. वेफर्सची पुडी फुगलेली असते ती याचसाठी. तिच्यात साधी हवा नसते, नायट्रोजन भरलेला असतो. वेफर्स मोडत नाहीत आणि खवटही होत नाहीत.

हवेचं हे बळ जगाला दाखवलं जर्मनीतल्या माग्देबुर्ग शहराच्या नगराध्यक्षानं. ओटो फॉन गेरिके त्याचं नाव. 1657 साली त्यानं तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना जोडले, आतली हवा पंपानं काढली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. घोडे ओढून दमले, गोल सुटेना. हवा आत सोडली तेव्हा तो हातानं उघडला. तेव्हा आपल्याकडे काय चाललं होतं सांगू? त्याच 1657 साली शिवाजी महाराजांनी आपल्या वसईपासून जवळच्या कल्याण-भिवंडीवर झेंडा लावला, आणि वसईच्या किल्ल्यात अजून पोर्तुगीज बसले होते.

पण आजीला घोड्यांशी काय देणंघेणं? तिला डब्यातल्या वस्तूंची काळजी. हवेतला पाचवा हिस्सा, 21 टक्के, ऑक्सिजन असतो. आपल्याला तो जगवतो आणि तोच शेंगदाणे, सुकं खोबरं, तीळ, जवस यांच्यातल्या तेलाला लागून ते खवट करतो. म्हणून पिशवीत हवा जितकी कमी, तितकी चव जास्त दिवस टिकते. ही गोष्ट आपल्या वसईला यंत्रं यायच्या कितीतरी आधीपासून ठाऊक आहे. इथले ईस्ट इंडियन ख्रिस्ती लोक उन्हाळ्यात, पावसाच्या आधी, वर्षभराचा मसाला कुटतात. मिरच्या, हळद, धणे आणि कितीतरी जिन्नस भाजून कुटायचे, मग गडद रंगाच्या बाटल्यांत ठासून भरायचे. ठासायचं अशासाठी, की कणाकणांमध्ये हवेला जागा उरू नये. काच गडद, म्हणजे उजेडानं रंग उडू नये. बाटलीत भरतात म्हणून त्याचं नावच बॉटल मसाला. लोणच्यावर चार बोटं तेल उभं राहिलं पाहिजे असं आजी म्हणते, तेही हेच. तेलाखालच्या फोडींना हवा भेटत नाही.

आणि सुकेळी? आगाशी-विरारकडची राजेळी केळी सोलून उन्हात वाळवतात, ती. तिथं हवा नव्हे, पाणी काढून घेतलंय. पाणी गेलं की बुरशीचं काही चालत नाही. पण वसईतल्या आपल्या एव्हरशाईन सिटीतला जून-जुलै तुम्ही जाणता. दोन दिवस पापड उघडे राहिले तर रबर होतात. तेव्हा वाळवलेली वस्तू हवाबंद करायची ती मुख्यतः बाहेरची ओल आत येऊ नये म्हणून. एक सांगून ठेवतो: सुके बोंबील पिशवीत घालताना आधी कागदात गुंडाळा. हवा ओढली की त्यांचे काटे प्लास्टिकला भोक पाडतात.

आता चवळीकडे या, कारण खरी नवलाची गोष्ट तिच्यात आहे. चवळीतला भुंगा दाण्याच्या सालीवर अंडं चिकटवतो. अळी निघते ती थेट दाणा पोखरून आत शिरते आणि आतच खाऊन मोठी होते. भुंगा होऊन बाहेर पडते तेव्हा गोल भोक दिसतं. तोवर आपल्याला पत्ता नसतो. आफ्रिकेत कॅमेरूनमध्ये शेतकऱ्यांची चवळी अशीच फुकट जात होती. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाचे लॅरी मर्डॉक आणि त्यांच्या सोबत्यांनी 1980च्या दशकाच्या शेवटी तिथं कामाला सुरुवात केली. त्यांची युक्ती काय, तर गोणीच्या आत जाड प्लास्टिकच्या दोन पिशव्या, आणि प्रत्येकीचं तोंड घट्ट बांधायचं. पंप नाही, औषध नाही. आत जी थोडी हवा उरते तिच्यातला ऑक्सिजन किडेच श्वासावाटे संपवून टाकतात!

मग ते गुदमरून मरतात का? संशोधकांना दिसलं ते याहून विलक्षण आहे. कोरड्या दाण्यात पाणी फारच थोडं असतं. भुंग्याची अळी पाणी पीत नाही, ती ते स्वतःच्या शरीरात तयार करते. खाल्लेल्या अन्नाचं ऑक्सिजनशी ज्वलन झालं की त्यातून पाणी निघतं. ऑक्सिजन संपला की ती खाणं थांबवते, पाणी तयार होईनासं होतं, आणि सुकून जाते. हवेवाचून तहानेनं मरणारा जीव! निसर्गातल्या अशा गोष्टी वाचल्या की मी अजूनही पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसतो.

आपल्या सांगलीकरांना हे फार पूर्वीपासून जमलं होतं. सांगलीजवळ हरिपूर गाव आहे, कृष्णा आणि वारणा तिथं भेटतात. तिथल्या जमिनीत हळदीची पेवं होती. तोंड माणूस उतरेल एवढं अरुंद, आत ऐसपैस पोट. आतून गवताचं आणि चटयांचं अस्तर लावायचं, हळद भरायची, तोंड मातीनं लिंपून टाकायचं. वर्षानुवर्षं हळदीला कीड लागत नसे. पेव उघडलं की लगेच कुणी आत उतरत नसे; ते काही तास तसंच उघडं ठेवायचं. कारण आत श्वास घेण्याजोगी हवा नसते. 2005च्या महापुरात यातली पुष्कळ पेवं निकामी झाली. सांगलीच्या हळदीला 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिला सांभाळणारं ते तंत्र जवळपास मोडीत निघालं याचं मला मनापासून वाईट वाटतं.

इथवर ऐकून तुम्ही म्हणाल, आजोबा, मग सगळंच हवाबंद करून टाकू! थांबा. भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावरून नायगावकडे येते, तेव्हा ओहोटी असली तर खारफुटीच्या चिखलाचा कुजक्या अंड्यांसारखा वास येतो. तुम्ही नाक दाबता. तो वास हायड्रोजन सल्फाइडचा, आणि तो सोडणारे जीवाणू चिखलात ऑक्सिजनशिवाय मजेत जगतात. समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटवर त्यांचं भागतं. पृथ्वीवर सुरुवातीला मोकळा ऑक्सिजन नव्हताच. सुमारे 240 कोटी वर्षांपूर्वी तो हवेत साठू लागला, सायनोबॅक्टेरिया नावाच्या सूक्ष्म जीवांमुळे. जुन्या जीवांना तो विषासारखा होता. ज्यांना तो सोसला नाही ते चिखलात, खोल पाण्यात, प्राण्यांच्या आतड्यांत जाऊन राहिले. तिथं ते आजही आहेत.

त्यांच्याच गोत्रातला एक मातीत असतो, क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. हवेत तो बीजाणू होऊन निपचित पडून राहतो. पाणी उकळलं तरी बीजाणू मरत नाही. पण ओलसर, आंबट नसलेलं अन्न मिळालं, हवा नसली आणि उबदार जागा असली, की तो जागा होतो आणि जगातल्या अतिशय जहाल विषांपैकी एक तयार करतो. वास येईलच असं नाही, चव बदलेलच असं नाही. शेंगदाणे, चवळी, मसाला, सुकेळी यांत त्याला पुरेसं पाणी मिळत नाही. कैरीच्या लोणच्यात आंबटपणा आणि मीठ त्याला आडवं येतं. धोका आहे तो शिजवलेल्या भाजीत, उकडलेल्या बटाट्यांत, सोलून तेलात बुडवलेल्या लसणात. हे हवाबंद करून ओट्यावर ठेवायचं नाही. फ्रीजमध्ये ठेवायचं, आणि तिथलंही दोन-चार दिवसांत संपवायचं.

पावसाळ्यात मासेमारी बंद असते, म्हणून आजी आधीच मासळी फ्रीजरमध्ये ठेवते. तिथं हवा काढण्याचा उपयोग मोठा. पिशवीत पोकळ जागा राहिली तर माशातल्या बर्फाची सरळ वाफ होते आणि ती प्लास्टिकला आतून हिमासारखी चिकटते; मासा मात्र कोरडा, चामट होतो. फ्रीजरमधल्या कडक थंडीत बोट्युलिनमही वाढत नाही. पण माशांबरोबर येणारा त्याचा एक प्रकार 3-4 अंशांवर, म्हणजे फ्रीजच्या साध्या कप्प्यातही, सावकाश वाढू शकतो. तेव्हा हवा काढलेली मासळी वितळवायला काढाल, तेव्हा आधी पिशवीचं तोंड कापा, तिला हवा लागू द्या, आणि मगच ती फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा.