दौरा पवनारचा, खर्च बेताचा

नागपूरहून वर्ध्याकडे निघालेली एसटी सेलू सोडते तेव्हा मी पिशवी मांडीवर घेतो. कंडक्टर मागं वळून विचारतो, "पवनार हाय का कोणी?" हात वर केला की धाम नदीच्या आसपास, पवनार फाट्यावर गाडी थांबते. गाडी पुढं निघून जाते आणि रस्त्यावर आपण, आपली पिशवी आणि अंगावर येणारं ऊन एवढंच उरतं. कामाचं ठिकाण अजून दोन-तीन किलोमीटर आत असतं. दौऱ्याचा खरा हिशेब इथून सुरू होतो.

कापसाच्या जिनिंगला लागणाऱ्या यंत्रांच्या कामासाठी मी बरीच वर्षं या पट्ट्यात येतो. सेलू, देवळी, हिंगणघाट, मधूनच पवनारच्या अलीकडे-पलीकडे. पवनार वर्ध्यापासून आठ-दहा किलोमीटरवर आहे आणि नागपूरपासून पासष्ट-सत्तर. धड शहर नाही, धड आडगावही नाही. मोठ्या शहरात मोबाइलवर गाडी बोलावता येते. अगदी खेड्यात गेलो तर ज्याच्याकडे काम असतं तोच जेवायला बसवतो. शहरालगतच्या अशा गावात या दोन्हींचा भरवसा नसतो, आणि नवखा माणूस घाबरून नको तिथं पैसे घालवतो.

मीही घालवले. पहिल्या वर्षी नागपुरातून दिवसभरासाठी गाडी ठरवली होती. काम दोन तासांचं, पण एक भाग बसेना आणि संध्याकाळ झाली. ड्रायव्हर झाडाखाली बसून होता आणि ताशी थांबण्याचे पैसे चढत होते. कार्यालयानं त्यातला निम्मा खर्च मंजूर केला, उरलेला माझ्या पगारातून गेला. तेव्हापासून एकच पाळतो: गाडी घ्यायची ती शेवटच्या टप्प्यापुरती, लांबचा पल्ला एसटीनं किंवा रेल्वेनं.

हिशेब करून बघा. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीनंतर साध्या एसटीचा दर सहा किलोमीटरच्या एका टप्प्याला 10 रुपये 5 पैसे झाला. नागपूर ते वर्धा साधारण पंचाहत्तर किलोमीटर, म्हणजे तेरा टप्पे. म्हणजे तिकीट 130 रुपयांच्या आसपास. वर्धा ते पवनार दोन टप्पे, वीसेक रुपये. महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे, 65 ते 75 वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' पासही एसटी देते. पण तो रोज लांबचा फेरा असेल तरच परवडतो; वर्धा-पवनार-सेलू एवढंच फिरायचं असेल तर सुटी तिकिटंच स्वस्त पडतात.

रेल्वे त्याहून स्वस्त, पण तिथं बाहेरचा माणूस हमखास एका गोष्टीत अडकतो. वर्ध्याची दोन स्टेशनं आहेत. मुंबई-हावडा मार्गाच्या गाड्या वर्धा जंक्शनला थांबतात. दिल्ली-चेन्नई मार्गाच्या बहुतेक गाड्या वर्धा स्टेशनात येतच नाहीत, त्या सेवाग्रामला थांबतात. हे सेवाग्राम स्टेशन म्हणजे पूर्वीचं वर्धा पूर्व. बापूंचं सेवाग्राम तिथून आणखी काही किलोमीटर दूर आहे. तिकिटावर सेवाग्राम लिहिलंय म्हणून आश्रमाच्या दारात उतरू, असं समजून आलेले लोक मी पाहिलेत. रात्रीची गाडी असेल तर ऑटो आधी सांगून ठेवावा, नाहीतर अकरा वाजता मागेल तो दर द्यावा लागतो.

वर्धा स्टेशनवरून बसस्थानक चालत गाठता येतं, आणि तिथून पवनार, सेलूकडे जाणाऱ्या गाड्या मिळतात. सीट भरली की निघणारे ऑटोही असतात. विदर्भात त्याला रिक्षा म्हणत नाहीत, ऑटोच म्हणतात. बसण्याआधी "सीट काय घेता?" एवढं विचारलं की दर कळतो. "पूर्ण ऑटो" म्हणालात की तेच अंतर कितीतरी पटीनं महाग होतं. फाट्यापासून आतल्या रस्त्याला मात्र मी काटकसर करत नाही. ज्या ऑटोवाल्यानं सकाळी सोडलं त्याचाच नंबर घेतो आणि संध्याकाळी त्यालाच बोलावतो. त्याला परतीचं भाडं मिळतं आणि मला शेवटच्या गाडीची वेळ. "सात वाजताची गेली की मंग थेट उशिराची हाय भाऊ, ते बी आली तर," हे वेळापत्रकावर कुठंच लिहिलेलं नसतं.

कंपनीच्या गाडीनं येणारे हल्ली समृद्धी महामार्गानं येतात आणि येळाकेळीला उतरतात. नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला सुरू झाला आणि वेळ खूप वाचला. पण तो रस्ता गाव टाळून जातो. एसटीनं येणाऱ्याला जुना नागपूर-वर्धा रस्ताच जवळचा, कारण चहा, पोहे, ऑटो, माणसं सगळी त्याच रस्त्याच्या कडेला आहेत.

आता जेवणाचं. सकाळी सातच्या सुमाराला फाट्यावरची टपरी उघडते. मोठ्या कढईत पिवळेधमक पोहे वाफेवर झाकलेले असतात, शेजारी पातेल्यात लालभडक रस्सा आणि त्यात काळे चणे. ताटलीत पोह्यांचा ढीग, वरून पळीभर तर्री, बारीक कांदा, शेव, लिंबाची फोड. टपरीवरच्या मावशी नवखा चेहरा ओळखतात. "तर्री कमी टाकू का जी? झोंबते." मी पहिल्यांदा "टाका" म्हणालो आणि डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा त्यांनी न मागता आणखी पोहे वर घातले. त्या जास्तीच्या पोह्यांचे पैसे घेतले नाहीत. एवढ्या नाश्त्यावर दुपारी एक-दीडपर्यंत भूक लागत नाही.

पुण्या-मुंबईकडच्यांसाठी एक सांगतो. इकडे सांबार म्हणजे कोथिंबीर. सांबारवडी मागितली तर इडलीबरोबरचं सांबार येत नाही. कोथिंबिरीचं सारण भरलेली खमंग तळलेली वडी येते. हिवाळ्यात कोथिंबीर स्वस्त असते तेव्हा ती खावी. आलुबोंडाही इकडे कोरडा देत नाहीत, त्यावर रस्सा ओततात. तेलकट वाटत असेल तर दही मागा.

दुपारच्या जेवणाला वर्ध्यातली भोजनालयं उत्तम. बाजाराच्या नि स्टेशनच्या आसपास ती आहेत. पोळी, सुकी भाजी, रस्साभाजी, वरण-भात, कधी कढी, ठेच्याची चिमूट. थाळी मागताना 'मर्यादित' की 'भरपेट' हे आधी विचारावं. बारा ते दोन या वेळेत ताजं मिळतं. तीननंतर पोळ्या गार आणि भाजी संपलेली. पवनारला काम असेल तर वर्ध्याला जेवायला जाऊन परत येण्यात दीड-दोन तास जातात. अशा दिवशी मी सरळ सकाळचे पोहे, दुपारी केळी आणि मठ्ठा आणि रात्री पोटभर जेवण असं करतो. सेलूचा भाग एकेकाळी केळीच्या बागांसाठी ओळखला जायचा. आता त्या बागा पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत, पण केळी अजूनही प्रवासातलं सगळ्यात विश्वासाचं खाणं आहे. सालीत बंद, हात धुवायला नको, आणि पोटाला बाधत नाहीत.

सेवाग्रामला काम असेल तर आश्रमाच्या आवाराजवळ प्राकृतिक आहार केंद्रात झुणका-भाकर खावी. साधं, ताजं, पोटाला हलकं. आणि परतताना वर्ध्यातून गोरसपाक घ्यावा. गांधीजींच्या गोसेवेच्या विचारातून उभ्या राहिलेल्या गोरस भांडाराचं हे बिस्किट गाईच्या तुपात केलेलं असतं. मी एक पुडा पिशवीत ठेवतो. गाडी उशिरा आली, टपरी बंद झाली, तर दोन गोरसपाक आणि एक चहा एवढ्यावर रात्र निभते.

सरकारी थाळीचाही विचार मनात येईल. 1995 नंतर राज्यात एक रुपयात झुणका-भाकर देणारी केंद्रं निघाली होती. 26 जानेवारी 2020 पासून शिवभोजन थाळी आली: दोन चपात्या, एक वाटी भाजी, एक वाटी वरण, एक मूद भात, दहा रुपयांत. ती गरजूंसाठी आहे आणि थाळ्यांची संख्या ठरलेली असते. दौऱ्याचा भत्ता खिशात असलेल्या माणसानं त्या रांगेत उभं राहू नये, असं मला वाटतं.

आणखी एका बाबतीत माझं मत ठाम आहे. पवनारला नदीकाठी विनोबांचा परंधाम आश्रम आणि 25 मार्च 1959 ला त्यांनी स्त्रियांसाठी सुरू केलेलं ब्रह्मविद्या मंदिर आहे. तिथल्या बहिणी स्वतः शेती करतात, स्वयंपाक करतात, प्रार्थनेच्या वेळा पाळतात. ती मुक्कामाची स्वस्त सोय नव्हे. संध्याकाळी काम संपलं तर जरूर जा. जमीन खणताना सापडलेलं भरत-राम भेटीचं शिल्प पाहा, विनोबांच्या समाधीपाशी दोन मिनिटं बसा, नदीच्या पात्रातली छत्री पाहा. बापूंच्या अस्थींचा काही भाग 12 फेब्रुवारी 1948 ला इथंच धाम नदीत विसर्जित झाला. पण झोपायला वर्ध्यातलं लॉज बघा. 12 फेब्रुवारीच्या सर्वोदय मेळ्याला आणि नोव्हेंबरच्या मध्यात, विनोबांच्या स्मृतिदिनाच्या आसपास, वर्ध्यात खोल्या लवकर भरतात. त्या दिवसांत काम असेल तर आधी फोन करून ठेवा.

पवनारहून निघालेला एक प्रवास मला या दौऱ्यांत नेहमी आठवतो. आश्रमाचा व्यवहार पैशाविना चालवण्याचा, कांचनमुक्तीचा प्रयोग विनोबा इथं करत होते. हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलन होतं, तिकडे ते मार्च 1951 मध्ये इथून पायी निघाले, सुमारे तीनशे मैल. त्याच प्रवासात पोचमपल्लीला भूदानाची सुरुवात झाली. मग तेरा वर्षं चालणं झालं आणि एप्रिल 1964 मध्ये ते पवनारला परतले. आपण नोकरदार माणसं, आपल्याला ते जमणार नाही. पण फाट्यापासून कामापर्यंतचे दोन किलोमीटर थंडीच्या दिवसांत मी चालत जातो. शेतातला कापूस, वेचणाऱ्या बायका, मालाची आवक, सगळं दिसतं, आणि जिनिंगच्या मालकाशी बोलताना त्याचा उपयोग होतो. एप्रिल-मेमध्ये मात्र चालू नका. पारा पंचेचाळिशी गाठतो. डोक्याला दुपट्टा, पाण्याची बाटली आणि खिशात कांदा ही इथली रीत आहे. यातल्या पहिल्या दोन गोष्टी तरी पाळा.

रात्रीबद्दल एक सूचना. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, त्यामुळे बार अँड रेस्टॉरंट इथं नाहीत. साधी भोजनालयं लवकर आवरतात. नऊच्या आत जेवायला बसा.

आता बिलांचं. छोट्या भोजनालयात छापील बिल मिळेलच असं नाही. पण मागितलं तर वहीतल्या पावतीवर शिक्का मारून देतात, आणि यूपीआयनं दिलं तर मोबाइलवर नोंद राहते. एसटीचं तिकीट वहीत चिकटवून ठेवा; उन्हात आणि घामात त्याची शाई दोन दिवसांत उडते, म्हणून त्याच संध्याकाळी फोटो काढा. गावाबाहेर नेटवर्क जातं, त्यामुळे ऑटो नि टपरीसाठी सुटे पैसे हवेतच.

केंद्र सरकारच्या 2017 च्या नियमांत लेव्हल 5 पर्यंतच्या कर्मचाऱ्याला दौऱ्यात मुक्कामासाठी दिवसाला 450, जेवणासाठी 500 आणि गावातल्या फिरण्यासाठी 113 रुपये धरले होते. महागाई भत्ता 50 टक्क्यांवर गेला की हे दर 25 टक्क्यांनी वाढतात. वर्ध्यात जेवणाच्या रकमेत दोन वेळचं जेवण, नाश्ता, चहा सगळं आरामात बसतं. मुक्कामाच्या रकमेत खोली शोधावी लागते. फिरण्याच्या रकमेत शहरातला माणूस भागवेल, फाट्यापासून आत जाऊन परत येणारा भागवू शकत नाही. खासगी नोकरीत तर अनेकांना एवढंही ठरवून मिळत नाही. आधी खिशातून घालायचे, मग महिनाभर बिलांच्या मागं फिरायचं. मी अशी तरुण पोरं पाहिली आहेत, जी रात्री फक्त चहा-बिस्किटावर झोपतात, कारण पैसे परत कधी मिळतील याची खात्री नसते.

म्हणून दौरे मंजूर करणाऱ्यांना माझी विनंती आहे. जेवणाचा भत्ता ठोक आणि आगाऊ द्या. एसटीचं फिकं तिकीट आणि ऑटोवाल्याची हातानं लिहिलेली पावती मान्य करा. आणि एकदा तरी नागपूरहून एसटीनं निघून, पवनार फाट्यावर उतरून, आतल्या ठिकाणापर्यंत स्वतः जाऊन या.