चारही चाकांची ओढ

बँकेत कर्जमंजुरीच्या टेबलावर मी बरीच वर्षं काढली. समोरचा माणूस वाहनकर्ज मागायला आला, की मी त्याला एक प्रश्न हमखास विचारत असे, "ही गाडी तुम्हाला नेमकी कशासाठी हवी आहे?" बहुतेकांची उत्तर देताना तारांबळ उडे. मला त्याची गंमत वाटे. परवा आमच्या सौ.ने तोच प्रश्न मला विचारला आणि माझीही तीच गत झाली.

आमची छोटी गाडी चौदा वर्षांची झाली. आता नवी घ्यायची, तर चारही चाकांना इंजिनाची ओढ मिळणारी घ्यायची, असं मी मनाशी ठरवून टाकलं होतं. त्याला कारणही तसंच घडलं होतं. राजापूर तालुक्यात आमचं मूळ घर आहे. दादा आणि वहिनी दोघंच तिथे राहतात. डांबरी रस्ता वाडीच्या खाली संपतो आणि पुढे तांबड्या मातीची चढण लागते. उन्हाळ्यात गाडी थेट खळ्यात जाते. पावसाळ्यात मात्र पुढची चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी मागे सरकते. गेल्या वर्षी जुलैत वहिनी मागीलदारी शेवाळावरून घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. रुग्णवाहिका आली, पण चढणीच्या पायथ्याशीच थांबली. वाडीतल्या चौघांनी भर पावसात स्ट्रेचर खाली उतरवलं. वाटेत एकाचा पाय सटकला. नशीब म्हणून बाकीच्या तिघांनी तोल सांभाळला. मी हे सारं पुण्यात बसून फोनवर ऐकत होतो. आई गेल्यानंतर ज्या बाईने माझं त्या घरातलं पान कधी चुकू दिलं नाही, तिच्यासाठी मला काही करता आलं नव्हतं.

तेव्हा मी वही उघडली आणि सवयीप्रमाणे मधोमध रेघ मारली. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला नावे.

ज्यांना या गाड्यांची ओळख नाही, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. क्रॉसओव्हर म्हणजे दिसायला जीप, पण अंगाने मोटार. जुन्या जीपला खाली वेगळा लोखंडी सांगाडा असे. हिचं शरीर हाच सांगाडा. मारुतीने २०२२ साली ग्रँड व्हिटारा आणली, तिच्या एका प्रकारात चारही चाकांना ओढ आहे. एरवी पुढचीच चाकं गाडी ओढतात. ती घसरू लागली, की यंत्रणा मागच्या चाकांकडे जोर पाठवते. बटण फिरवून पुढची-मागची जोडी एकत्र जखडताही येते. गाडीचं पोट जमिनीपासून २१० मिलिमीटर उंच. ही झाली जमेची बाजू. ओल्या मातीच्या चढणीवर तिचा उपयोग निर्विवाद.

आता नावे. बाजारात आली तेव्हा दोन चाकांच्या ओढीची आणि चारही चाकांच्या ओढीची, अशा एकाच दर्जाच्या दोन गाड्यांत दीड लाखाचा फरक होता. गाडी चार मीटरपेक्षा लांब, त्यामुळे २०२५ च्या सप्टेंबरपासून तिला ४० टक्के जीएसटी. लहान पेट्रोल गाडीला १८ टक्के. इंधनाचा मात्र मी उगाच बाऊ केला होता. बाजारात आली तेव्हाच्या कंपनीच्या आकड्यांनुसार एक गाडी लिटरला २१.११ किलोमीटर जात असे, दुसरी १९.३८. वर्षाला दहा हजार किलोमीटर धरले, तर फरक अवघा बेचाळीस लिटरच्या आसपास. शिवाय चारही टायर सारखे झिजलेले असावे लागतात; एक फाटला म्हणून एकच नवा टाकून चालेलच असं नाही. आणि जिम्नी किंवा थारला असतो तसा अति संथ, अति जोरकस असा खालचा गिअर हिला नाही.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आमच्या गॅरेजवाल्याने सांगितली. म्हणाला, "साहेब, सुटायला ही गाडी भारी. पण थांबायला सगळ्याच गाड्या सारख्या. ब्रेक प्रत्येकीच्या चारही चाकांना असतात." हे मी पुरतं विसरलो होतो. अणुस्कुऱ्याच्या ओल्या घाटात उतरताना मला सांभाळणार ते चांगले टायर आणि कमी वेग. चढता आलं म्हणून उतरता येतंच असं नाही, हे पासष्टी ओलांडलेल्या माणसाला तरी कळायला हवं.

वही मी सौ.पुढे ठेवली. तिने ती नीट वाचली आणि विचारलं, "अहो, वहिनी पडल्या त्या दिवशी ही गाडी आपल्याकडे असती, तर ती कुठे असती?"

सोसायटीच्या पार्किंगमध्ये असती. दुसरं कुठे असणार?

मग मी गावी जाऊन चढण मोजली. खरी वाईट जागा चाळीस पावलांची. गवंड्याने हिशेब मांडला: बाजूला गटार, खाली दगडाचं सोलिंग, वर काँक्रीट. खर्च दीड लाखाच्या थोडा वर. तेवढ्यात रुग्णवाहिकाच काय, गॅसची गाडीसुद्धा दारात येईल. अडचण एकच. वळणावर चुलतभावाचा गडगा दोन हात मागे घ्यावा लागणार होता, आणि वाटणीपासून अकरा वर्षं आमचं बोलणं नव्हतं.

तेव्हा कुठे माझ्या हट्टाचं मूळ मला दिसलं. गाडी घ्यायला फक्त चेक लिहावा लागतो, कुणाचं दार ठोठवावं लागत नाही. म्हणून ती मला हवी होती.

ज्यांची रोजची वाट चिखलातून जाते, ज्यांच्या दारात गाडी बारा महिने उभी राहते, त्यांनी अशी गाडी जरूर घ्यावी. मी दोन चाकांच्या ओढीचीच घेणार आहे, टायर मात्र उत्तम.

चुलतभावाकडे मी गेलो. त्याने पाट दिला, चहा दिला, बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "गडगा घे मागे. पण गटाराचं पाणी माझ्या खळ्यात सोडू नकोस." रास्त मागणी होती. गटाराची दिशा बदलली, खर्च थोडा वाढला. पाऊस उघडला की काम सुरू.

ही बातमी मी मोठ्या उत्साहाने वहिनींना सांगितली. त्या काठी टेकत ओटीवर आल्या, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "रस्ता करा हो भावजी, पण आधी मागीलदारचं ते शेवाळ खरवडून घ्या."