पोट भरलेले, रक्त उपाशी



गेल्या वर्षी आठवीतली एक मुलगी तिसऱ्या तासाला पेंगताना दिसली. मी तिला वर्गासमोर उभे करून रागावले. पुढे आरोग्य तपासणीत तिचे हिमोग्लोबिन जेमतेम ८ निघाले. या वयात ते किमान १२ हवे. मुलगी आळशी नव्हती, आजारी होती. माझे रागावणे चुकीचे होते.

कुपोषण म्हटले की हाडांचा सापळा डोळ्यांपुढे येतो. पण दोन वेळा पोटभर पोळी-भात मिळणाऱ्या घरातही ते असते. आम्ही हिंदीतून शिकलो तेव्हा ‘रक्ताल्पता’ हा शब्द पाठ केला होता. मराठीत रक्तक्षय किंवा पंडुरोग. हिमोग्लोबिन फुफ्फुसांतला प्राणवायू शरीरभर पोहोचवते आणि ते लोहाशिवाय तयार होत नाही. लोह कमी पडले की शरीर आधी आपला साठा वापरते, म्हणून बरेच दिवस काही कळतच नाही. मग रक्तपेशी लहान व फिकट होतात, हृदयाला जास्त धडधडावे लागते, जिना चढताना धाप लागते, अभ्यासात लक्ष राहत नाही. काही मुले चक्क माती किंवा खडू खातात! ती खोड समजून मारू नका, रक्त तपासा.

वाढीचे वय आणि मासिक पाळी यांमुळे मुलींना लोह अधिक लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते १९ वयाच्या सुमारे ५९ टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. मुलांमध्ये ३१ टक्के.

आपल्या इंदुरात सकाळी पोहे आणि लगेच चहा. पोह्यांवर लिंबू पिळतो ते उत्तम, त्याने अन्नातले लोह अंगी लागते. पण मागोमाग घेतलेला चहा तेच लोह अडवतो. चहा तासाभराने घ्यावा, मुलांना तर देऊच नये. पालेभाजी, हरभरे, तीळ आणि आजीचे अळिवाचे लाडू डब्यात येऊ द्या.

शाळेत आठवड्याला मिळणाऱ्या निळ्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. ती जेवणानंतर घ्यावी. शौच काळे होते म्हणून काही पालक ती बंद करतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर मात्र ही गोळी पुरत नाही, डॉक्टरांचे औषध लागते.

त्या मुलीने ते नेमाने घेतले. आता ती पहिल्या बाकावर बसते आणि फार बोलते, म्हणून पुन्हा टोकावे लागते.