ऊन, गार आणि बधिर : कुष्ठरोगाच्या निदानातील तापमानाचे प्रमाण

कुष्ठरोग हा त्वचेचा रोग होय ही समजूत इतकी रूढ आहे की, तो मुख्यतः मज्जातंतूंचा रोग आहे हे विधान अद्यापही पुष्कळांना नवे वाटते. त्वचेवरील चट्टा हे त्याचे दृश्य रूप. परंतु माणसाची बोटे वाकतात, पाऊल लोंबते, पापणी मिटेनाशी होते, ती मज्जातंतूंच्या नुकसानीमुळे. ह्या नुकसानीची पहिली खूण पुष्कळदा अशी असते की, चट्ट्यावर ऊन व गार यांतील भेद कळेनासा होतो, स्पर्श मात्र अद्याप कळत असतो. निदान करणाऱ्यापुढील प्रश्न म्हणूनच वरकरणी अगदी साधा दिसतो : रोग्याला उष्णता कळते की नाही? त्याच्या पोटात मात्र दोन प्रश्न आहेत. उष्णता म्हणजे नेमकी किती, हा एक. आणि ‘कळते’ म्हणजे नेमके काय, हा दुसरा. पहिल्याचा विचार बराच झाला आहे, दुसऱ्याचा त्या मानाने फारच थोडा.

ह्या प्रश्नांची चर्चा वर्धा जिल्ह्याच्या संदर्भात करणे अनेक दृष्टींनी सयुक्तिक ठरते. १९३६ साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांच्या सेवेचे कार्य आरंभिले. सेवाग्राम आश्रमात संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा गांधीजींनी स्वहस्ते केली, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९५१ साली वर्धा हे मुख्य ठाणे करून गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन ही संस्था स्थापन झाली आणि तिने सर्वेक्षण, शिक्षण व उपचार अशी त्रिसूत्री अवलंबिली. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने ह्यातील सर्वेक्षण हे अंग महत्त्वाचे. रोगी दवाखान्यात येण्याची वाट न पाहता तपासनीस खेड्यात, घरोघर जाऊ लागला. त्यामुळे जी चाचणी वैद्याच्या खोलीत, सावकाशीने व्हावयाची ती ओसरीवर, शेजाऱ्यांच्या देखत, मे महिन्याच्या झळांत आणि पौषातल्या पहाटेच्या गारठ्यातही होऊ लागली. चाचणीची साधने तीच राहिली : दोन काचेच्या नळ्या, एकीत ऊन पाणी, दुसरीत गार.

ऊन-गार आधी नाहीसे का व्हावे? स्पर्शाची वार्ता बहुतांशी जाड, वेष्टनयुक्त तंतूंतून जाते. गारव्याची बारीक तंतूंतून आणि उबेची त्याहूनही बारीक, वेष्टनरहित तंतूंतून. कुष्ठरोगाचे जंतू त्वचेतील बारीक तंतूंना प्रथम गाठतात. पुढे मज्जारज्जूतही ह्या वार्तांचे मार्ग भिन्न आहेत. उष्णता व वेदना यांचे तंतू मज्जारज्जूत शिरल्यावर लवकरच मध्यभाग ओलांडून दुसऱ्या बाजूने वर चढतात; सूक्ष्म स्पर्शाचे तंतू त्याच बाजूने मेंदूच्या पायथ्यापर्यंत जातात. सिरिंगोमायेलिया ह्या विकारात मज्जारज्जूच्या मध्यभागी पोकळी निर्माण होऊन नेमके हे ओलांडणारे तंतू तुटतात, आणि हाताला चटका कळत नाही परंतु स्पर्श कळतो अशी, कुष्ठरोगाशी फसवे साम्य असलेली अवस्था उद्भवते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झांबाको नावाच्या वैद्याने ह्या विकाराचे रोगी वस्तुतः कुष्ठरोगीच होत असा वाद घातला होता. तो टिकला नाही. मज्जारज्जूच्या विकारात बधिरतेचा पट्टा बहुधा दोन्ही खांद्यांवर व बाहूंवर पसरतो, कुष्ठरोगात ती चट्ट्यापुरती किंवा एखाद्या मज्जातंतूच्या क्षेत्रापुरती असते, आणि तो मज्जातंतू हाताला जाड लागतो. एका घरात पाठीच्या कण्याचा विकार आणि दुसऱ्या घरात कुष्ठरोग, आणि दोहोंत भाजलेली बोटे तीच. म्हणून तपासनिसाने बधिरतेची सीमारेषा नीट आखणे अगत्याचे असते.

तापमानाचा ह्या रोगाशी आणखीही एक संबंध आहे. कुष्ठरोगाचा जंतू प्रयोगशाळेतील कृत्रिम अन्नावर वाढत नाही. शेपर्ड यांनी १९६० साली तो उंदराच्या तळपायात वाढवून दाखविला आणि १९६५ साली असे दाखविले की, तळपायाचे तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअसच्या दरम्यान असता त्याची वाढ उत्तम होते. माणसाच्या अंतर्भागाचे तापमान ३७ अंश. म्हणजे जंतूला शरीराचा थंड भाग मानवतो; आणि मज्जातंतूही बहुधा तेथेच सुजतात जेथे ते त्वचेच्या लगत येऊन थंड पडतात : कोपराच्या किंचित वर, मनगटापाशी, गुडघ्याच्या बाहेरील बाजूस, घोट्याच्या आतील अंगास.

आता प्रमाणाकडे वळावे. १९९० पासून प्रचलित असलेल्या आंतरराष्ट्रीय तापमान श्रेणीत काही स्थिर बिंदू ठरवून दिलेले आहेत. त्यांपैकी पाण्याचा त्रिक बिंदू ०.०१ अंश, आणि गॅलियम ह्या धातूचा द्रवणबिंदू २९.७६४६ अंश. ह्यांच्या दरम्यानची तापमाने प्लॅटिनमच्या तारेचा विद्युत्-रोध मोजून काढतात. २० मे २०१९ पासून केल्व्हिन ह्या एककाची व्याख्या पाण्यावरून न करता बोल्ट्झमानच्या स्थिरांकावरून केली जाते. परंतु व्यवहारातील ही श्रेणी त्यामुळे रद्द झाली नाही. भारतात हे प्रमाण दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा सांभाळते. गॅलियमचा बिंदू कुष्ठजंतूला मानवणाऱ्या तापमानाच्या अगदी लगत यावा हा निव्वळ योगायोग होय. पण त्वचेचे तापमान मोजणारी उपकरणे ताडून पाहण्यास तो फार सोयीचा आहे.

खेड्यातील नळीला अंशाच्या दहाहजाराव्या भागाची आवश्यकता नाही, हे उघड आहे. तिला आवश्यकता आहे ती काही अंशांच्या खात्रीची, आणि तीच बहुधा नसते. ऊन नळीचे पाणी सुमारे ४० ते ४५ अंश असावे. त्याहून वर गेल्यास ते ऊब न राहता वेदना होते, आणि वेदनेची वार्ता वेगळ्या तंतूंची. अशा वेळी रोगी हात मागे घेतो व तपासनीस उष्णता कळते अशी नोंद करतो. शिवाय त्वचा पाण्याचे तापमान मोजत नाही, स्वतःशी असलेला फरक ओळखते. पौषातल्या सकाळी बोटांची त्वचा २५ अंशांपर्यंत उतरलेली असते. तेव्हा ३५ अंशांचे पाणी चांगले ऊन वाटते. वर्ध्याच्या उन्हाळ्यात हवेचा पारा कित्येकदा ४५ अंशांवर जातो, त्वचा ३५ अंशांच्या आसपास असते, आणि तेच पाणी ना ऊन ना गार. त्या दिवशी निरोगी माणूसही चुकेल. गार नळी माठातून भरून घ्यावी लागते, ती तपासणी संपेपर्यंत कोमट होते. हिवाळ्यात ऊन नळीची तीच गत. साधा पाऱ्याचा तापमापक जवळ बाळगून नळ्या वरचेवर पाहणे आणि त्वचेचे तापमान टिपणे एवढ्याने पुष्कळ दोष टळतील. विद्युत्-चाचण्यांतही हा नियम पाळावा लागतो : अवयव १ अंशाने थंड झाला तर मज्जातंतूतील संदेशाचा वेग सेकंदाला सुमारे २ मीटरने घटतो, आणि गारठलेला निरोगी हात आलेखावर रोगी दिसतो. म्हणून त्वचा सुमारे ३२ अंशांवर आणून मग मोजणी करतात.

ही काटेकोरी व्यर्थ नाही. उत्तर प्रदेशात झालेल्या व २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका दीर्घ पाहणीत असे आढळले की, ऊब ओळखण्याची क्षमता व संवेदक तंतूंचे विद्युत्-वहन ही दोन अंगे सर्वांत आधी बिघडतात. नायलॉनच्या तंतूने घेतलेल्या स्पर्शाच्या चाचणीत दोष दिसण्यापूर्वी १२ आठवडे किंवा त्याहून अधिक काळ. तेवढ्या अवधीत उपचार झाल्यास हात वाचण्याचा संभव वाढतो.

दुसरा प्रश्न भाषेचा. मराठीत ह्या क्षेत्रातील शब्दसंपत्ती मुबलक आहे : गार, थंड, कोमट, ऊन, गरम, कढत. ‘ऊन’ हा शब्द संस्कृत ‘उष्ण’ व प्राकृत ‘उण्ह’ यांतून आला, आणि तो आकाशातल्या उन्हालाही लागतो व ताटातल्या भातालाही. ‘बधिर’ मूळचा बहिऱ्याचा वाचक. मराठीत तो सुन्न अवयवालाही लागू झाला. रोगी ‘हात बधिर झाला’ म्हणतो तेव्हा त्याला संवेदना गेली, मुंग्या येतात, हात जड झाला, किंवा पकड सुटते, यांपैकी काहीही अभिप्रेत असू शकते. खरी अडचण क्रियापदाची आहे. तपासनीस नळी टेकवून ‘कळतंय का?’ असे विचारतो. रोगी ‘कळतंय’ म्हणतो, आणि ते खरेही असते : त्याला काच कळलेली असते. प्रश्न उष्णतेचा, उत्तर स्पर्शाचे, आणि नोंद निरोगीपणाची.

होकाराकडे झुकण्यास इतरही कारणे आहेत. विचारणाऱ्याचा मान राखण्याची रीत हे एक. दुसरे अधिक गंभीर : रोगी ठरल्यास काय गमवावे लागेल याची रोग्याला पुरी जाणीव असते. हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण होते, ते २०१९ साली वगळण्यात आले. घरातील वागणूक कायद्यासोबत लगेच बदलते असे नव्हे. म्हणून प्रश्न ‘कळतंय का’ असा नसावा, ‘ऊन की गार’ असा असावा. रोग्याचे डोळे मिटलेले असावेत, नळ्यांचा क्रम अनियमित असावा, आणि आधी निरोगी त्वचेवर दोन्ही नळ्या लावून शब्दांचा अर्थ पक्का करून घ्यावा. निव्वळ अंदाजाने उत्तर देणाराही निम्म्या वेळा बरोबर ठरेल. १० वेळा विचारले असता ८ किंवा अधिक उत्तरे योगायोगाने बरोबर येण्याचा संभव १०२४ मध्ये ५६, म्हणजे शेकडा साडेपाच; ९ किंवा अधिक येण्याचा शेकडा १ हून किंचित जास्त. दोनदा विचारून समाधान मानणाऱ्या चाचणीत योगायोगाचा वाटा शेकडा २५ उरतो.

१९८० च्या दशकाच्या आरंभी बहुविध औषधोपचार देशात ज्या जिल्ह्यांत प्रथम सुरू झाले त्यांत वर्धा होता. डिसेंबर २००५ मध्ये, रोग्यांचे प्रमाण दहा हजारांत १ हून कमी झाल्यावर, राष्ट्रीय पातळीवर दूरीकरणाचे उद्दिष्ट साध्य झाल्याचे जाहीर झाले. कुष्ठकार्य सर्वसाधारण आरोग्यसेवेत मिसळले. केवळ ह्याच कामात मुरलेला तपासनीस त्यामुळे दुर्मिळ झाला. नवे रोगी मात्र आजही आढळतात, आणि नळी धरणारा हात आता पुष्कळदा असा असतो की ज्याने ही चाचणी वर्षातून चार-दोन वेळाच केलेली असते.

चाचणी चुकली तर पुढची मोजदाद चूल करते. ४४ अंशांच्या वस्तूने त्वचा भाजण्यास सुमारे ६ तास लागतात, ६० अंशांच्या वस्तूने सुमारे ५ सेकंद. ज्याला चटका कळतो तो त्या ५ सेकंदांतले एकही पुरते जाऊ देत नाही. ज्याला कळत नाही त्याला सांगावे लागते की, तवा उतरवताना सांडशी घ्यावी, चहाचा पेला फडक्यात धरावा, आणि आंघोळीचे पाणी घरातल्या दुसऱ्या कोणाकडून पाहून घ्यावे.