ताबूत कुणाचा? अत्तारांचा!

संपादकांनी पाठवलं होतं मोहरमच्या उंचच उंच ताबुतांसाठी. मन गुंतलं ते आडनावांत. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावात ताबूत घराण्यांच्या नावाने ओळखले जातात. अत्तार, बागवान, तांबोळी, हकीम, शेटे, सुतार, पाटील, देशपांडे. हिंदूंचे आणि मुसलमानांचेही. दीडशेहून अधिक वर्षं हा मान घराण्यांकडे चालत आला आहे.

ही नावं ऐकताना जुनी पेठ डोळ्यांपुढे उभी राहते. अत्तार अरबीतून आला. सुगंध आणि औषधी विकणारा. बागवान फारसीत बागेचा राखणदार, आपल्याकडे तो फळं विकायला बसला. शेटे ‘श्रेष्ठी’वरून आला, पेठेची शेटेपणाची वतनं असत. पाटील ताम्रपटांतल्या ‘पट्टकिला’चा वारस.

मला सर्वांत भावला सुतार. मूळ शब्द ‘सूत्रधार’, म्हणजे मापाची दोरी हाती धरणारा. ताबुताच्या मांडवात हा अर्थ अजून जिवंत वाटतो. कळक उभा चिरून कामट्या काढतात, सांध्यावर दोऱ्याचे फेरे आवळत अष्टकोनी मजला बांधतात. बांधणीही उलटी, आधी कळस मग पाया. वरचा मजला बोटभर जरी तिरपा बसला, तरी खालच्या मजल्यांनी तो झोक लपत नाही.

धंद्यावरून पडलेलं पोलंडचं कोवाल्स्की हे आडनावही असंच. ‘कोवाल’ म्हणजे लोहार, ‘स्की’ हा आपल्या ‘कर’सारखा शेपटाचा प्रत्यय. दुसऱ्या महायुद्धात कोल्हापूरजवळ वळिवड्याला हजारो पोलिश निर्वासित राहिले, तेव्हा अशी नावं आपल्या मुलखातही ऐकू आली.

मात्र आडनावावरून घराचा धर्म किंवा धंदा सांगायला जावं तर फसगत ठरलेली. तांबोळी हिंदूही आहेत, मुसलमानही. अलुतेदारांच्या यादीतला हा विड्याच्या पानांचा व्यापारी दोन्हीकडे एकाच नावाने वावरतो. देशपांड्यांचं वतन १९५० च्या कायद्याने गेलं, पाटीलकी १९६२ च्या. हकिमाच्या घरी नाडी बघणारा असेलच असं नाही. शाळेच्या दाखल्यावर आडनाव कायमचं चिकटलं आणि पुढच्या पिढीने धंदा बदलला, तरी ते बदललं नाही. मानाच्या ताबुतांतलं सातभाई हे नाव तर कुठल्याच धंद्यात बसत नाही. अशा नावांची उकल घराघरांतल्या जुन्या कागदांतूनच व्हायची, आणि ते कागद आता वाळवीच्या तावडीत आहेत. त्यांची मोडी लिपी वाचणारी माणसं हाताशी आहेत तोवर ते उघडायला हवेत.