तंत्र आणि आशय : 'घाशीराम कोतवाल'मधील मानवी भिंतीचा अन्वयार्थ

मराठी समीक्षेत 'तंत्र' ही संज्ञा दीर्घकाळ काहीशा संशयाने पाहिली गेली. ना. सी. फडके यांच्या 'प्रतिभासाधन' (१९३१) या ग्रंथाने कथानकाची गुंफण, आरंभ, गुंतागुंत, उत्कर्षबिंदू यांची रीतसर चर्चा केली. त्यानंतर तंत्र म्हणजे लेखनाची हातोटी, आशयावर बाहेरून चढवलेला साज, असा समज रूढ झाला. बा. सी. मर्ढेकर यांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या आधारे साहित्यकृतीच्या घटनेचा विचार केला, तेव्हा या समजाला पहिला महत्त्वाचा छेद गेला. घटकांची मांडणी हाच अर्थाचा एक स्रोत असतो, ही दृष्टी त्यातून पुढे आली. तरीही तंत्र आशयाचे वाहन आहे की आशयाची निर्मितीच तंत्रातून होते, हा प्रश्न तात्त्विक पातळीवर मांडण्यापेक्षा एखाद्या संहितेच्या आधारे तपासणे अधिक फलदायी ठरते. विजय तेंडुलकर यांचे 'घाशीराम कोतवाल' हे त्यासाठी विशेष उपयुक्त उदाहरण आहे. या नाटकाभोवती उठलेला वाद वरकरणी इतिहासाचा होता, पण मुळात तो तंत्राच्या वाचनाचा होता.

नाटकाचा पहिला प्रयोग १६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्यात प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने केला. दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे, संगीत भास्कर चंदावरकर यांचे आणि नृत्यरचना कृष्णदेव मुळगुंद यांची होती. नाना फडणवीस आणि ब्राह्मण समाज यांची बदनामी केल्याचा आक्षेप घेतला गेला आणि १९ प्रयोगांनंतर संस्थेने नाटक थांबवले. त्यातून बाहेर पडलेल्या कलावंतांनी १९७३ मध्ये 'थिएटर अकॅडमी' स्थापन करून नाटक पुन्हा रंगभूमीवर आणले. १९८० मध्ये ते युरोपच्या दौऱ्यावर जाण्याच्या वेळीही विरोधाला पुन्हा धार आली.

आक्षेपकांचा आधार ऐतिहासिक होता. घाशीराम सावळादास हा पेशवाईतील पुण्याचा कोतवाल. ऑगस्ट १७९१ मध्ये त्याच्या कोठडीत तेलंगी ब्राह्मण गुदमरून मरण पावले आणि प्रक्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचून मारले. मोरोबा कान्होबा यांनी १८६३ मध्येच या व्यक्तीवर पुस्तक लिहिले होते. तेंडुलकरांनी मात्र आपले नाटक ऐतिहासिक नसल्याचे स्पष्ट केले होते. हा खुलासा अनेकांना पळवाट वाटला. परंतु नाटकाचा रूपबंध पाहिला, तर हे विधान संहितेनेच पदोपदी सिद्ध केलेले दिसते. ऐतिहासिक नाटकाची मराठी परंपरा नेपथ्य, पोशाख आणि भारदस्त भाषा यांच्या साहाय्याने भूतकाळाचा आभास उभा करते. येथे तो आभास निर्माण होण्याआधीच मोडला जातो. रंगमंचावर वाडा नाही, महाल नाही. आहे ती पुण्याच्या ब्राह्मणांची एक डोलणारी, गाणारी रांग.

ही रांग म्हणजेच नाटकाची मानवी भिंत. ती प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहिली की पडदा होते, वळली की जमाव होते, पांगली की व्यक्ती होते. कोकणातील खेळे आणि दशावतार, तमाशा, कीर्तन अशा लोकपरंपरांतील संकेत तिच्यात एकवटले आहेत. नेपथ्याचा खर्च वाचवणारी युक्ती म्हणून तिच्याकडे पाहणे अपुरे आहे. भिंतीचे काम झाकणे आणि उघडे करणे असे दुहेरी असते. ही भिंत माणसांची असल्यामुळे झाकणे ही येथे निर्जीव वस्तूची स्थिती न राहता माणसांची कृती बनते. ज्यांनी पाहायला हवे तेच पाठ फिरवतात. सत्तेच्या अंतःपुरात जे घडते ते समाजाच्या आडोशाने घडते, हे कोणत्याही पात्राला बोलून दाखवावे लागत नाही. संवादातून आले असते तर हे विधान भाष्य ठरले असते. रांगेतून येत असल्यामुळे ते दृश्य पुरावा ठरते.

दुसरे तंत्र विसंगतीचे. नाटकात गणेशवंदना, अभंग, कीर्तन आणि लावणी हे गायनप्रकार एकमेकांच्या अंगावर येतात. बावनखणीकडे निघालेले पुरुष सूत्रधाराने हटकले की देवळाचे आणि कीर्तनाचे निमित्त सांगतात. भक्तीचा सूर आणि भोगाची दिशा एकाच चालीत मिसळतात. मराठी प्रेक्षकाच्या कानाला प्रत्येक चालीचे सामाजिक स्थान ठाऊक असते. कोणती चाल देवळातली आणि कोणती फडावरची, हे त्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे एका चालीतून दुसरीत झालेला प्रवेश हाच उपरोध होतो. घाशीरामाची कन्या ललितागौरी हिचा बळी जात असतानाही लय खंडित होत नाही, आणि लयीचे हे अखंडत्व अधिक भयावह वाटते.

तिसरे तंत्र रचनेच्या वर्तुळाकारतेचे. परक्या कनोजी ब्राह्मणाला पुण्यात चोरीच्या खोट्या आळाखाली अपमानित केले जाते. तो सूडाची प्रतिज्ञा करतो आणि मुलीच्या मोबदल्यात कोतवाली मिळवतो. त्याच्या अत्याचारांचा हिशेब लोकांच्या लेखी त्याच्याच नावावर चढावा, अशी व्यवस्था नाना पहिल्या दिवसापासून करतो. अखेरीस तोच घाशीरामाला जमावाच्या हाती देतो, उत्सव जाहीर करतो, आणि आरंभीचे नर्तन पुन्हा सुरू होते. कथानक पुढे गेले, पण व्यवस्था जागच्या जागी राहिली. घाशीरामाच्या अंतात न्याय झाल्याचे समाधान प्रेक्षकाला मिळू लागते, तेवढ्यात हे पुनरावर्तन ते काढून घेते. सत्ता आपल्या सोयीसाठी हिंसक मध्यस्थ निर्माण करते आणि काम संपताच त्याला नष्ट करते, हा आशय या वर्तुळात आहे. १९६६ मध्ये शिवसेनेची स्थापना झाल्यानंतरच्या मुंबईच्या राजकारणाशी समीक्षकांनी नाटकाचा संबंध वारंवार जोडला, तो या रचनेमुळेच. रचना एका प्रसंगाची नसून प्रक्रियेची असल्याने ती अन्य काळांनाही लागू पडते.

ब्रेख्तच्या रंगभूमीशी या नाटकाची तुलना नेहमी केली जाते. सूत्रधार, गाणी आणि आभासभंग ही साम्ये उघड आहेत. मात्र ब्रेख्त प्रेक्षकाला भावनिक गुंतणुकीपासून दूर नेऊन विचारप्रवृत्त करू पाहतो, तर तेंडुलकर त्याला आधी लयीत गुंतवतात. प्रेक्षक ठेका धरतो, हसतो, आणि मग आपण कोणाच्या रांगेत उभे आहोत हे त्याच्या लक्षात येते. त्याचा आनंदच त्याच्याविरुद्धची साक्ष ठरतो.

याच दशकातील हबीब तन्वीर यांचे 'चरणदास चोर' (१९७५) शेजारी ठेवल्यास हा मुद्दा अधिक स्पष्ट होतो. राजस्थानी कथाकार विजयदान देथा यांच्या कथेवर आधारलेल्या या नाटकाने छत्तीसगढी बोली आणि सतनामी समाजातील पंथी नृत्यगीते वापरली. तेथेही समूहगायन आहे, पुनरुक्ती आहे, लोकरूप आहे. परंतु तेथील समूह सत्याचे माहात्म्य गातो आणि कथा ते सत्य खरे करून दाखवते. चोर आपल्या व्रतापायी प्राण देतो. गाणे आणि घटना एका दिशेने चालतात. 'घाशीराम'मध्ये गाणे एकीकडे आणि घटना दुसरीकडे जाते. म्हणजे समूहगायन या तंत्राला स्वतःचा ठरीव अर्थ नाही. घटनेशी त्याचे जे नाते जुळते, त्यातून अर्थ निष्पन्न होतो.

तुलनाकाराने नावांच्या साम्यानेही फसू नये. जयपूरच्या ब्रह्मपुरीत होळीच्या सुमारास सादर होणाऱ्या लोकनाट्यालाही 'तमाशा' म्हणतात. पण रागसंगीतावर आधारलेले ते रूप आणि ढोलकी-लावणीचा मराठी तमाशा यांचे सामाजिक संकेत भिन्न आहेत. त्यामुळे जयपूरच्या प्रेक्षकाला 'तमाशा' हा शब्द परिचित वाटला, तरी मराठी लावणीच्या प्रवेशाने निर्माण होणारा उपरोध त्याच्यापर्यंत आपोआप पोहोचेल असे गृहीत धरता येत नाही. वसंत देव यांचा हिंदी अनुवाद आणि जयंत कर्वे व एलिनॉर झेलियट यांचा इंग्रजी अनुवाद यांमुळे नाटक अन्य भाषांत गेले. या स्थलांतरात मानवी भिंत जवळजवळ अबाधित राहते, कारण तिची भाषा देहाची आहे. चालींची सामाजिक स्मृती मात्र मूळ भाषकांच्या कानातच राहते आणि इंग्रजी वाचकासाठी अभंग व लावणी दोन्ही केवळ 'गाणे' होतात.

या विवेचनातून दोन निष्कर्ष निघतात. पहिला असा की, कथासाराच्या आधारे 'घाशीराम'वर दिलेला कोणताही निवाडा, मग तो निषेधाचा असो वा गौरवाचा, अपुरा ठरतो. सारांशात नानाची लंपटता आणि घाशीरामाची क्रूरता उरते, पण त्या दोहोंना आडोसा देणारी रांग गळून पडते. दुसरा असा की, तौलनिक अभ्यासात तंत्रांची नुसती यादी जुळवणे पुरेसे नाही. प्रत्येक तंत्र त्या त्या समाजाच्या कोणत्या सवयीला हात घालते, हे पाहावे लागते. १९७२ च्या पुण्यात जे दुखावले गेले, ते नानांच्या चरित्रापुरते मर्यादित नव्हते. सभागृहात बसलेल्यांना समोरच्या रांगेत आपली पाठ दिसली होती.