चॅटरूमची महफिल खरेच उठली का?

आज आपल्या घरातल्या प्रत्येकाच्या फोनवर ग्रुपांची रांग आहे. खानदानाचा एक, मोहल्ल्याचा एक, मुलांच्या वर्गाचा एक, शिवाय कुणाच्या तरी लग्नापुरता काढलेला आणि त्या जोडप्याची मुले शाळेत जाऊ लागली तरी न मिटलेला आणखी एक. लांब राहणाऱ्या दहा माणसांनी एकाच वेळी गुफ्तगू करायची तर फोनवर ग्रुप काढायचा, हे इतके अंगवळणी पडले आहे की त्याआधी लोक इंटरनेटवर घोळक्याने कसे बोलत होते, हा प्रश्नही नव्या पिढीला पडत नाही.

तशी एक पद्धत होती आणि ती अजूनही आहे. तिचे पूर्ण नाव इंटरनेट रिले चॅट. जाणकार तिला आय.आर.सी. म्हणतात. ही पद्धत आता संपत आली, असे गेली कित्येक वर्षे बोलले जाते. ते कितपत खरे आहे, आणि तिच्यात असे काय होते जे आपल्या आजच्या ग्रुपांत उरलेले नाही, हे वाचकांसमोर मांडावे असे आम्हाला वाटते. विषय संगणकाचा असला तरी प्रश्न घराचा आहे.

फिनलंडमधली सुरुवात

ऑगस्ट १९८८ मध्ये फिनलंडच्या औलू विद्यापीठातल्या यार्को ओइकारिनेन या तरुणाने हा प्रोग्राम लिहिला. विद्यापीठातल्या संगणकावर गप्पांसाठी जो जुना प्रोग्राम होता, त्याची जागा याने घ्यावी एवढाच हेतू होता. पाहता पाहता फिनलंडमधली इतर विद्यापीठे जोडली गेली, मग अमेरिकेतली.

रचना साधी होती. सगळ्यांचे बोलणे एकाच मोठ्या संगणकावर जात नसे. अनेक संगणक एकमेकांना जोडलेले असत. आपण जवळच्या संगणकाला जोडून घ्यायचे, एक ओळ लिहायची आणि ती ओळ हातोहात पुढे पोहोचायची. प्रत्येक विषयाची वेगळी खोली असे. तिला चॅनल म्हणत आणि तिच्या नावाआधी # हे चिन्ह लागे. आज फेसबुक-इन्स्टावर जो हॅशटॅग आपली मुले लावतात, तो २००७ साली ट्विटरसाठी सुचवला गेला तेव्हा याच चॅनलांच्या नावांवरून घेतला होता.

खोली जो उघडेल तो तिचा व्यवस्थापक. त्याच्या नावापुढे @ दिसे, म्हणजे कारभार कुणाच्या हाती आहे हे आत येणाऱ्या प्रत्येकाला लगेच कळे. आज कशावर बोलायचे आहे, याची एक ओळ वर लिहिलेली असे. कुणी बेअदबी केली तर व्यवस्थापक त्याला बाहेर काढी. आणि सगळे उठून गेले की खोलीही नाहीशी होई.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. आपण आत येण्याआधी काय बोलले गेले ते दिसत नसे, आणि निघून गेल्यावर काय बोलले जाते ते ऐकू येत नसे. बैठकीच्या खोलीत असते अगदी तसेच. सलाम करून यायचे, बसायचे, बोलायचे, रुखसत घ्यायची. घरी गेल्यावर ती बैठक खिशात वाजत राहत नसे.

मे १९९३ मध्ये या पद्धतीचे नियम जाहीर प्रसिद्ध झाले. ते वाचून कुणीही, कुणाचीही परवानगी न घेता, स्वतःचा प्रोग्राम लिहू शकत होता. १९९५ साली खालिद मरदम-बे यांनी विंडोजसाठी लिहिलेला एमआयआरसी हा त्यांतला सर्वांत गाजलेला. सीरियन-पॅलेस्टिनी घरात जन्मलेला हा माणूस लंडनमध्ये राहून हे काम करत होता. आय.आर.सी. सामान्य माणसाच्या संगणकावर पोहोचली त्यात या प्रोग्रामचा वाटा फार मोठा.

बातमी पोहोचवणारी खोली

या गप्पा रिकामटेकड्यांच्याच होत्या असे नाही. आखाती युद्धाच्या दिवसांत लोक आय.आर.सी.च्या खोल्यांत जमून मिळेल ती बातमी एकमेकांना देत होते. कुवेतमध्ये माणसे अडकलेल्या आपल्या कोकणातल्या घरांनी ते दिवस पत्राची आणि ट्रंक कॉलची वाट पाहत काढले. त्या घरांना बातमी नसणे म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. पुढे ऑगस्ट १९९१ मध्ये मॉस्कोत उठाव झाला आणि माध्यमांवर निर्बंध आले, तेव्हाही डोळ्यांदेखत घडणारे लोक इथे ओळी-ओळीने लिहीत होते.

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगममार्फत. पुढच्या काही वर्षांत गावोगावी सायबर कॅफे निघाले. आम्ही बी.एड. करत होतो त्या काळात तासाचे पैसे मोजून तिथे बसणारी मुले बहुतेक याहूच्या चॅटरूममध्ये असत. ती आय.आर.सी. नव्हती, पण तिचीच धाकटी बहीण. खोली, टोपणनाव, ये-जा, सगळा रिवाज तोच.

भाषा शिकवणारे म्हणून एक गोष्ट आम्हाला इथे नोंदवावीशी वाटते. आय.आर.सी.च्या नियमांत कोणत्या लिपीतले अक्षर कोणत्या आकड्याने पाठवायचे, हे ठरवलेलेच नव्हते. एकाने देवनागरीत किंवा उर्दूत लिहिले तर दुसऱ्याच्या पडद्यावर भलतीच चिन्हे उमटण्याचा धोका. गंमत अशी की फिनलंडच्या लोकांची सोय मात्र नियमांतच होती. त्यांच्या तीन खास अक्षरांची जागा जुन्या संगणकांत कंसासारख्या चिन्हांना दिलेली होती, म्हणून ती चिन्हे लहान-मोठ्या लिपीतल्या अक्षरांसारखी धरावीत, असे तिथे लिहिले आहे. घर ज्याने बांधले त्याच्या उंचीचा दरवाजा! आपण मात्र मराठी आणि उर्दू दोन्ही रोमन अक्षरांत लिहायला शिकलो. ती सवय आजतागायत सुटलेली नाही. वहीत सुंदर अक्षर काढणारी मुले फोनवर मातृभाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात, त्याची एक मुळी इथपर्यंत जाते.

आकडे काय सांगतात

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. आय.आर.सी. घटली का? घटली, यात शंका नाही. २००३ साली एका वेळी सुमारे दहा लाख लोक जोडलेले असत. २०१२ पर्यंत तो आकडा चार लाखांच्या आसपास आला. संगणकीय खेळ खेळणाऱ्यांचे क्वेकनेट हे जाळे २००५ च्या फेब्रुवारीत एका वेळी २ लाख ४० हजारांच्या वर गेले होते. पुढे तेही ओसरले. खेळणारी मुले २०१५ मध्ये निघालेल्या डिस्कॉर्डवर गेली, कार्यालये २०१३ मध्ये आलेल्या स्लॅकवर गेली. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलानेही मार्च २०२० मध्ये आपली जुनी आय.आर.सी. बंद केली.

कारणे उघड आहेत. ही पद्धत सतत जोडलेल्या संगणकासाठी बनली होती. फोन खिशात गेला, नेट तुटले, की माणूस खोलीबाहेर. तेवढ्यात काय बोलले गेले ते त्याला कळणार नाही. फोटो नाही, आवाज नाही. जो गुण आम्ही वर सांगितला, तोच फोनच्या जमान्यात दोष ठरला.

दुसरेही एक कारण आहे आणि ते झाकून ठेवणे बरे नाही. टोपणनावामागे कोण आहे हे कळत नसल्यामुळे त्रास देणाऱ्यांचे फावत होते. २००६ साली अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठाच्या संशोधकांनी आय.आर.सी.वर काही बनावट सभासद गप्प बसवून ठेवले. काहींना मुलींची नावे दिली, काहींना मुलांची. मुलींच्या नावांना वाईट किंवा धमकीचे संदेश सुमारे २५ पट जास्त आले. तिथे एक शब्दही न बोलता! त्याआधीच, २००३ मध्ये, मायक्रोसॉफ्टने अनेक देशांतल्या आपल्या मोफत चॅटरूम मुलांच्या सुरक्षिततेचे कारण देऊन बंद केल्या होत्या. तेव्हा जुने सगळे सोन्याचे होते, असा आमचा दावा नाही. ओळखीच्या माणसांच्या ग्रुपमध्ये आपल्या लेकीबाळींना जी सुरक्षितता वाटते ती मोठी गोष्ट आहे.

बंद पडले ते कोण?

तरीही एक विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आय.आर.सी.ला मागे टाकून पुढे गेलेल्यांचे पुढे काय झाले? याहूने आपल्या सार्वजनिक चॅटरूम २०१२ मध्ये बंद केल्या. ऑर्कुट २०१४ मध्ये गेले. अमेरिकेत घरोघरी असलेले ए.ओ.एल.चे मेसेंजर २०१७ मध्ये, याहू मेसेंजर २०१८ मध्ये, आय.सी.क्यू. २०२४ मध्ये बंद झाले. याहू ग्रुप्समध्ये तर वीस-वीस वर्षांचे बोलणे, फोटो, माहिती साठलेली होती. डिसेंबर २०२० मध्ये त्याचेही दार लागले. यांतल्या कित्येकांकडे एके काळी आय.आर.सी.च्या अनेक पट माणसे होती. पण मालक एकच. त्याने ठरवले आणि दिवा विझला.

आय.आर.सी.चे काय होते ते २०२१ मध्ये दिसले. फ्रीनोड हे तिचे एक मोठे जाळे होते. मोफत सॉफ्टवेअर बनवणारे आणि विकिपीडियाचे स्वयंसेवक तिथे बसत. त्या जाळ्याचा ताबा कुणाचा यावरून वाद पेटला. मे महिन्यात ते चालवणारे स्वयंसेवक एकत्र बाहेर पडले आणि त्यांनी लिबेरा चॅट नावाचे नवे जाळे उभे केले. काही आठवड्यांत उबुंटू, विकिपीडिया असे अनेक मोठे गट तिकडे गेले. त्यांना नवी पद्धत शिकावी लागली नाही, प्रोग्राम बदलावा लागला नाही. फक्त पत्ता बदलला. नियम कुणा एकाच्या मालकीचे नसल्याने घर सोडता आले आणि महफिल मोडली नाही.

म्हणून आमचे उत्तर असे: आय.आर.सी.ची गर्दी ओसरली, ती परत येणार नाही. पण ती संपलेली नाही, आणि तिला बंद करू शकेल असा कुणी मालक नाही. हजारो लोक आजही तिथे बसतात. ज्यांना घटलेली म्हणतो ती पस्तीस वर्षांहून जास्त टिकली, आणि ज्यांना वाढलेली म्हणत होतो त्यांतली बरीच आज नाहीत.

आपल्या घरासाठी यातून काय घ्यावे?

आपण कुणी उद्या आय.आर.सी.वर जाणार नाही, आणि जावे असेही आम्ही सुचवत नाही. पण त्या खोल्यांचा अदब आपल्या ग्रुपांत आणता येतो. तिथे माणूस स्वतःहून आत येई. इथे आपण विचारल्याशिवाय दुसऱ्याला ओढतो आणि त्याचा नंबर शंभर अनोळखी लोकांसमोर ठेवतो. सुनेचा, मुलीचा नंबर कुठल्याही ग्रुपमध्ये घालण्याआधी तिला विचारणे ही साधी तहजीब आहे. आपल्याला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकेल हे ठरवण्याची सोय व्हॉट्सॲपमध्ये २०१९ पासून आहे. घरातल्या मोठ्यांना ती लावून द्यावी.

तिथे दारावर विषय लिहिलेला असे. शाळेच्या ग्रुपवर शाळेचेच बोलले गेले, तर पालकांना गृहपाठाची एक ओळ शोधायला दोनशे शुभेच्छा चाळाव्या लागणार नाहीत. तिथे उठून जाणे हा अपमान नव्हता. इथे कुणी ग्रुप सोडला की खानदानात रुसवे होतात. २०२२ पासून गाजावाजा न करता, फक्त ॲडमिनला कळेल असे, बाहेर पडता येते. पण त्याहून बरे हे, की चाचा निघाले तर त्यांना कामे असतील असे समजून आपण गप्प राहावे.

शेवटची गोष्ट साठवणीची. आय.आर.सी. कुणाचे काही सांभाळण्याचे वचन देत नव्हती, म्हणून ज्याला हवे तो स्वतः उतरवून ठेवी. आपण मात्र सारे ग्रुपवर सोडून निर्धास्त आहोत. दादीच्या आवाजातल्या दुआ, खालाने सांगितलेली बिर्याणीची कृती, जुन्या घराचे फोटो, कुणी खटपट करून जमवलेली सात पिढ्यांची नावे. याहू ग्रुप्सवर ठेवणाऱ्यांनाही ते कायमचे वाटले होते. या सुट्टीत घरातल्या एका मुलाला बसवा. आवाज आणि फोटो संगणकावर किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्या. नावे आणि कृती मात्र वहीत लिहून काढा, आणि लिहिणाऱ्याला सांगा की आपल्या लिपीत लिही.